बकाण्याखालची अँबेसिडर

सहादू पगारेनं ती अँबेसिडर घरी आणली, तेव्हा त्याच्या बायकोनं, विठाबाईनं, कपाळाला हात लावला होता. रिटायर झालेल्या माणसाला काहीतरी खूळ लागतंच. कुणी कोंबड्या पाळतं, कुणी सकाळ-संध्याकाळ पेपर वाचून भांडत बसतं. आपल्या माणसानं गाडी घेतली. कुठल्याशा कचेरीतून निकालात निघालेली, मूळची पांढरी पण आता ताकासारखी पिवळट झालेली, मागच्या सीटच्या स्प्रिंगा वर आलेल्या. नाशिकरोडला जेलरोडच्या अंगाला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढे जरासं अंगण, अंगणात बकाण्याचं झाड. झाडाखाली गाडी उभी राहिली आणि अंगण संपलं.

"आता वाळवण कुठं घालू, ड्रायव्हर?" विठाबाई म्हणाली.

"टपावर घाल की. लय मोठा टप हाय."

आणि खरंच त्या उन्हाळ्यात तिनं गाडीच्या टपावर कुरडया घातल्या. चांगल्या वाळल्या.

ती त्याला ड्रायव्हर म्हणायची आणि तो तिला बाई. लग्नाआधीपासूनची सवय. कळवणच्या दवाखान्यात ती नर्स होती, तो जीपचा ड्रायव्हर. आडगावी कुणी बाळंतीण अडली की निरोप यायचा, आणि ही दोघं निघायची. पुढे तो, शेजारी ती, मांडीवर बाळंतपणाच्या सामानाचा पितळी डबा. सुरगाण्याच्या डोंगरात रस्ता असा नव्हताच. नदीच्या पात्रातून, शेताच्या बांधावरून, जिथं चाक मावेल तिथून जायचं. वाटेत जीप बिघडली की ती एखाद्या झाडाखाली बसायची आणि बॉनेटखाली वाकलेली त्याची पाठ बघायची. मुक्कामाला पोचलं की ती झोपडीत शिरायची आणि तो बाहेर दगडावर बसायचा. आत काय चाललंय हे त्यानं कधी विचारलं नाही, बाहेर काय बिघडलं होतं हे तिनं कधी विचारलं नाही. अशी एकमेकांची वाट बघता बघता लग्न झालं, मुलगी झाली, ती चांगुणा मनमाडला रेल्वेतल्या मुलाला दिली, नोकऱ्या संपल्या. तरी तो तिला बाईच म्हणत राहिला.

त्र्याऐंशी सालच्या आषाढात एका सकाळी सहादू गाडीत हवा भरून आला. बकाण्याखाली गाडी लावली, हँडब्रेक खस्सकन ओढला, उतरला आणि पायरीवर बसला.

"बाई," तो म्हणाला, "ते पाणी... पाणी उभं राह्यलंय बघ."

विठाबाई हातातलं पीठ झटकत बाहेर आली. त्याच्या तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता. तिनं त्याला हसायला सांगितलं. तो अर्ध्याच चेहऱ्यानं हसला. तेवढ्यानं तिला सगळं कळलं.

दवाखान्यातून तो घरी आला तेव्हा श्रावण निघून गेला होता. उजवा पाय घसटत चालायचा, उजवा हात मांडीवर ठेवला तर तिथंच पडून राहायचा. पण त्याहून विचित्र गोष्ट झाली होती ती शब्दांची. त्याला सगळं समजत होतं, सगळं आठवत होतं, पण बोलायला गेलं की भलताच शब्द यायचा. पाणी हवं असलं की तो म्हणायचा "खिडकी". औषधाला "मेंढरं" म्हणायचा. आपलं चुकलं हे त्यालाच आधी कळायचं. मग तो डोळे मिटून घ्यायचा, आणि नंतर नंतर तो बोलेनासाच झाला.

त्याला एकच गोष्ट हवी असायची. दुपारी जेवण झालं की तो गाडीकडे बोट करायचा. विठाबाई त्याला धरून नेऊन स्टेअरिंगसमोर बसवायची आणि पलीकडून स्वतः बसायची. पाऊस काचेवरून ओघळत असायचा. काचेवर बकाण्याची पानं चिकटलेली, बाहेरचं घर पाण्यात वितळल्यासारखं दिसायचं. गाडीत जुन्या रेक्झिनचा आणि पेट्रोलचा वास. सहादू डावा हात चाकावर ठेवायचा आणि पुढं बघत राहायचा. थोड्या वेळानं विठाबाईलाही वाटायला लागायचं की गाडी चाललीये. हा दिंडोरीचा चढ, हा वणीचा फाटा, ही ती नदी, हिच्यात कधी पाणी असतं कधी नसतं. तिला डुलकी लागायची. जागी व्हायची तेव्हा पाऊस थांबलेला असायचा, आणि गाडी बकाण्याखालीच.

असा उरलेला पावसाळा गेला. हँडब्रेक कुणी सोडला नाही. सोडायचा असतो हे विठाबाईला ठाऊकच नव्हतं.

ऑक्टोबरात ऊन तापलं, आणि एक दिवस पाइपलाइनचा मुकादम आला. कॉलनीला नव्या नळाचं पाणी मिळणार होतं आणि चर नेमका पगारेंच्या अंगणातून जाणार होता. "गाडी हलवून ठेवा, मावशी. दिवाळीच्या आधी खोदकाम हाय. न्हाईतर साखळी लावून ओढावी लागंल."

संध्याकाळी शेजारची माणसं धावून आली. समोरचा लियाकतही आला. नाशकात द्वारका चौकात त्याचं छोटं गॅरेज होतं. त्यानं हँडब्रेक सोडला आणि सगळ्यांनी मागून जोर लावला. गाडी जरा पुढं झुकली, कण्हली आणि तिथंच राहिली. मागची चाकं फिरलीच नाहीत. मातीत दोन चऱ्या तेवढ्या उमटल्या.

लियाकत खाली वाकला. "मामू, हँडब्रेक लावून पावसाळाभर गाडी उभी. आतले ब्रेकचे लायनर गंजून चाकाच्या ड्रमला चिकटले, दोन्हीकडचे. मामी, हे गॅसनं तापवून हातोड्यानं काढावं लागेल. नाही निघाला तर फोडायचा ड्रम, दुसरा टाकायचा."

पायरीवर बसलेला सहादू एकदम हलला. "नाय! नाय! मंगळवार नाय! मडकं... मडकं!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्याला कुणी समजून घेत नाही म्हणून त्यानं डावा हात पायरीवर आपटला.

विठाबाई त्याच्याजवळ जाऊन बसली. सुरगाण्याकडच्या बाया कळा देताना जे बोलायच्या, त्यातलं सुरुवातीला तिला एक अक्षर कळायचं नाही. ती त्यांच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघायची, हात कुठं जातो ते. तिनं तेच केलं. सहादूच्या मुठीनं हवेत घाव घातला, मग तळहात नकारात हलला.

"हातोडा नको म्हणतात," ती म्हणाली. "मंगळवार म्हणजे हातोडा. अन् मडकं म्हणजे ड्रम, होय ना? घाव घातला की मडकं फुटेल."

सहादूनं जोरानं मान हलवली आणि गदगदून हसला, अर्ध्याच चेहऱ्यानं.

लियाकतला दुसऱ्या दिवशी मालेगावला जायचं होतं, चुलतबहिणीच्या लग्नाला. तो म्हणाला, "मी परत येईपर्यंत रॉकेल सोडत राहा, मामी. आलो की बघू." आणि हँडब्रेक पुन्हा ओढून, जॅक, पाने, एक जाड स्क्रूड्रायव्हर ठेवून गेला.

विठाबाईनं ठरवून असं काही सुरू केलं नाही. दुसऱ्या दिवशी रॉकेल सोडायचं म्हणून ती बाहेर आली, तर चाक मध्ये येत होतं. म्हणजे चाक काढायला हवं. लुगड्याचा काचा घट्ट करून ती खाली बसली. सहादूची खुर्ची तिनं गाडीच्या मागच्या बाजूला, झाडाच्या सावलीत आणून ठेवली.

"आता सांगा," ती म्हणाली. "काय म्हणाल ते म्हणा. मी लावते त्याचा अर्थ."

त्यानं लियाकतनं ठेवलेल्या अवजारांवरून नजर फिरवली. मग हळूच म्हणाला, "बकरी."

जॅक चार पायांवर उभ्या असलेल्या शेरडासारखा दिसत होता. तिनं उचलून दाखवला तसा तो म्हणाला, हो. जॅक लावायच्या आधी त्यानं पुढच्या चाकांकडे आणि विटांकडे बोट केलं. तिनं विटा चाकांना लावल्या. मग "मांजर सोड" म्हणाला, तेव्हा मात्र ती गोंधळली. त्यानं मूठ ओढल्याची खूण केली, तेव्हा तिला हँडब्रेक सापडला. चाकाचे नट हातानं हलेनात, म्हणून ती पान्याच्या दांड्यावर उभी राहिली. नट किरकिरून सुटला. समोरच्या गुलजारबी, लियाकतची आई, खिडकीतून बघत होत्या. त्या "या अल्ला" म्हणाल्या आणि बघतच राहिल्या.

चाक निघालं. आत तपकिरी, फोड आलेला ड्रम होता. खरंच पालथ्या मडक्यासारखा.

"त्याच्यात," सहादू म्हणाला, "दोन चंद्र हायेत. चंद्र चिकटलेत."

विठाबाईनं त्याच्याकडे वळून बघितलं. इतके दिवस तो चुकला की डोळे मिटून घ्यायचा. आज त्यानं मिटले नव्हते.

मग रोज दुपारी हेच काम. कपाटातून तिनं तिची जुनी काचेची सिरिंज काढली. रॉकेलात थोडं इंजिन ऑइल मिसळून ती ड्रमच्या कडेनं, मधल्या हबभोवती, थेंब थेंब सोडायची. ड्रम धरून ठेवणारे दोन स्क्रू होते. ते एका दिवशी काही निघाले नाहीत, दुसऱ्या दिवशी निघाले. मागच्या पत्र्यातून एक चौकोनी टोक बाहेर आलं होतं. सहादू त्याला कान म्हणत होता. "कान पिळ. उलटा." तो कान उलटा फिरवला की आतले लायनर ड्रमपासून मागे सरतात. पण कान गंजला होता. त्यालाही थेंब थेंब.

आणि मग वाट बघायची. तिला वाट बघता येत होती. ओढून काही निघत नाही, निघालं तर फाटून निघतं, हे तिच्या हातांना पाठ होतं. ती लाकडाचा एक ठोकळा ड्रमच्या कडेला टेकवायची आणि त्यावर हलके ठोके द्यायची. एका जागी नाही, गोल फिरत, सगळीकडून. टक, टक, टक. बकाण्याची पिवळी फळं मध्येच टपावर पडायची. ऊन पानांतून खाली यायचं आणि गाडीवर हलायचं. ठोक्यांच्या त्या लयीत सहादू पेंगायचा, आणि पेंगता पेंगता बोलायचा. नदी, जीप, विंचूरच्या बाजारातली कांद्याची रास, त्याची मेलेली आई, सगळं एकात एक. त्या सगळ्याचा अर्थ लावायचं विठाबाईनं सोडून दिलं. नुसतं ऐकायला बरं वाटत होतं. दवाखान्यातून आल्यापासून घरात इतका आवाज झालाच नव्हता.

"तुम्ही बाहेर दगडावर बसायचात ना," एका दुपारी तिनं विचारलं, "तेव्हा काय करायचात हो?"

"मोजायचो," तो म्हणाला.

"काय?"

"मीठ." मग त्यानं डोकं हलवलं, वर बोट केलं, दोन्ही डोळे किलकिले केले.

"चांदण्या?"

"आं. अन् तुझा आवाज आला का... का..." पुढचा शब्द आला नाही. त्यानं छातीवर हात ठेवला आणि एक मोठा श्वास सोडून दाखवला.

विठाबाई पुन्हा ठोकायला लागली.

कान फिरला त्या दिवशी तिनं चुलीवर मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं. गॅसची ज्योत लावली तर आतली रबरं जळतील, ही भीती सहादूनं कशीबशी तिला समजावली होती. पण उकळतं पाणी लोखंडाला पुरेसं होतं. तिनं ते ड्रमवर हळूहळू ओतलं. वाफेचा लोट आला, गंजाचा आणि तेलाचा वास सुटला. ती ठोकत राहिली. आवाज बदलला. आतापर्यंत ठप्प ठप्प येत होता, आता त्यात घंटेसारखी कणी आली. सहादू खुर्चीत ताठ झाला.

"आला," तो म्हणाला. "डोकं आलं."

तो आपल्या मडक्याबद्दल बोलत होता की तिच्या बाळंतिणींबद्दल, कोण जाणे. तिनं पदरानं दोन्ही हात गुंडाळले, ड्रमच्या दोन बाजूंना धरलं आणि ओढलं नाही. नुसतं डोलवलं. या बाजूला थोडं, त्या बाजूला थोडं. आत काहीतरी कर्रकन सुटलं आणि ड्रम तिच्या मांडीवर आला. जड, कोमट, काळा.

आत खरंच दोन चंद्र होते. एकमेकांकडे तोंड केलेल्या दोन कोरी, वर गंजाचा साका. एकाचं लायनर सुटून ड्रमलाच चिकटून आलं होतं. विठाबाई मातीतच बसून हसायला लागली. हात पुसायला चिंधी हवी होती, ती पुढच्या सीटखाली होती, म्हणून ती उठली, दार उघडून आत वाकली, आणि आधारासाठी पाय आत टाकला.

"बाई! ब्रेकला पाय नको लावू!"

ती जागच्या जागी थिजली. पाय पॅडलवरून चार बोटं वर होता. ड्रम नसताना ब्रेक दाबला असता तर आतला दट्ट्या बाहेर उडाला असता आणि सगळं तेल वाहून गेलं असतं, हे तिला नंतर लियाकतनं सांगितलं. त्या क्षणी तिला एवढंच कळलं की आषाढानंतर पहिल्यांदा तो एकही शब्द न चुकता अख्खं वाक्य बोलला होता.

तिनं मागे बघितलं. सहादू स्वतःच चकित होऊन तोंड उघडं टाकून बसला होता.

"काय म्हणालात?"

त्यानं पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलले. "बाई," तो म्हणाला, "बाई..." आणि मग, "मेंढरं." पण तो हसत होता.

दुसऱ्या बाजूचा ड्रम मानानं लवकर सुटला. लियाकत मालेगावहून लग्नाचे लाडू घेऊन परत आला, तेव्हा दोन्ही ड्रम अंगणात पोत्यावर पालथे घातले होते आणि विठाबाई त्यांची आतली बाजू पॉलिश पेपरनं घासत होती. तो लाडूचा डबा हातात धरून उभाच राहिला.

"मामी, हे कुणी काढलं?"

"आम्ही," विठाबाई म्हणाली.

त्यानं नवे लायनर बसवलेले शू, म्हणजे ते चंद्र, आणून दिले. "बसवून देऊ?" त्यानं विचारलं. सहादूनं मान हलवली, नाही. स्प्रिंगा ओढून बसवणं हे काम दोन धड हातांचं नाही. पण सहादू खुर्चीतून उतरून खाली बसला, डाव्या हातानं शू दाबून धरला, आणि विठाबाईनं दोन्ही हातांनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकात स्प्रिंग अडकवून खेचली. निसटली. पुन्हा खेचली. निसटली आणि तिच्या अंगठ्याला लागली. तिच्या दोन हातांत त्याचा तिसरा हात कुठं ठेवायचा हे त्यांना हळूहळू समजत गेलं. स्प्रिंग आकड्यात बसल्याचा खट असा आवाज आला, तेव्हा लियाकत मागून म्हणाला, "वा मामू!" तेल न लागू देता, हात पुसून, तिनं ड्रम वर चढवला. तो कुठं अडलाच नाही. तिनं बोटानं ढकलला आणि तो फिरत राहिला, श्श्श करत, लायनरला जरासा घासत. सहादूनं कान जवळ नेला. तो आवाज थांबेपर्यंत तो तसाच वाकून होता.

रविवारी सकाळी गाडी हलवायची ठरली. इंजिन सुरू करायचं नव्हतं, बॅटरी केव्हाच गेली होती. नुसती ढकलून गल्लीच्या टोकाला, चिंचेखाली न्यायची. गल्लीला उतार होता.

"स्टेअरिंगवर कोण?" लियाकतनं विचारलं.

सहादूनं विठाबाईकडे बोट केलं.

"मी? अहो, मला काय येतंय?"

त्यानं तिचा हात धरून उजव्या दाराशी नेलं आणि आपण पाय घसटत डावीकडे जाऊन बसला. अख्ख्या आयुष्यात तो पहिल्यांदा त्या जागेवर बसत होता. माणसांनी जोर लावला आणि गाडी निघाली. आवाज न करता. बकाण्याची सावली काचेवरून मागे सरकली, घराची पायरी सरकली, गुलजारबींची खिडकी सरकली. विठाबाईला वाटलं, आपण अजून दुपारच्या डुलकीतच आहोत. पण हातातलं चाक जड होतं, आणि फाटकातून बाहेर पडल्यावर उतार लागला आणि मागे ढकलणारी माणसं मागेच राहिली. गाडी एकटी चालू लागली. चिंच जवळ येत होती.

सहादूनं नुसता स्वतःचा डावा पाय खाली दाबला.

तिनं त्याच्या पायाकडे पाहिलं आणि आपला पाय दाबला. गाडी हळूच नमली आणि थांबली. चिंचेची वाळकी पानं टपावर पडली. मागून पळत येणाऱ्या लोकांचे आवाज ऐकू येत होते.

"थांबली," ती म्हणाली.

"थांबली," सहादू म्हणाला.

चर खोदला गेला, बुजला, नळाला पाणी आलं. सहादूचे शब्द पुढच्या वर्षभरात बरेचसे परत आले. काही आलेच नाहीत. हातोड्याला तो शेवटपर्यंत मंगळवार म्हणत राहिला, आणि गल्लीतली माणसंही म्हणायला लागली. गाडी त्याला पुन्हा चालवता आली नाही. विठाबाईही चिंचेच्या पुढे कधी गेली नाही. तिला तेवढंच पुरे वाटलं.

पण पुढच्याच माघातल्या एका सकाळी, नवी बॅटरी घालून, लियाकत त्या दोघांना कळवणला घेऊन निघाला. जुन्या दवाखान्यातल्या भागुबाई आयाच्या नातवाचं लग्न होतं. दोघं मागच्या सीटवर बसली. तिथं दोघंही कधी बसली नव्हती. हात कुठं ठेवायचे, बघायचं कुठं, काही सुचेना. दिंडोरी मागे पडली. द्राक्षांच्या मळ्यांवर धुकं होतं आणि त्यातून मांडवाचे खांब तेवढे वर आलेले. वळण आलं की सहादूचा पाय पुढच्या सीटखाली दाबला जायचा. विठाबाईचाही जायचा. लियाकतला आरशात ते दिसत असावं, कारण तो प्रत्येक वळणावर मुद्दाम हळू होत होता.

"झोप आली तर झोपा की," विठाबाई म्हणाली.

"तू झोप," सहादू म्हणाला. "मी हाय जागा."